न घेतलेलं कर्ज रिपोर्टात दिसतंय: भरून टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने पाथर्डी फाट्याला फ्लॅट पाहिला, टोकन दिलं, आणि होम लोनची फाइल बँकेतून परत आली. कारण सिबिल, म्हणजे आपण कर्जं कशी फेडली याचा रिपोर्ट आणि स्कोअर. रिपोर्टात एका फायनान्स कंपनीचं ₹४६,५०० चं पर्सनल लोन आहे आणि त्यापुढे 'राइट ऑफ', म्हणजे कंपनीने बुडीत धरलेलं, असा शेरा. असं कर्ज त्याने कधी घेतलेलंच नाही. वसुलीवाला रोज फोन करून म्हणतो, "अठरा हजार भरा, विषय मिटवून टाकू." त्याने दोन गोष्टी विचारल्यात. पैसे भरून मोकळं व्हावं का? आणि अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो तसं आपल्याकडे क्रेडिट 'फ्रीज' करता येतं का, म्हणजे नव्या सावकाराला आपला रिपोर्ट दिसूच नये असं?

दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. पण नुसतं 'नाही' ऐकून तुमचं काम होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि गेली काही वर्षं सीबीएस बस स्टँडजवळच्या छोट्याशा ऑफिसात लोकांचे रिपोर्ट वाचून देतो. दर महिन्याला तुमच्यासारखा एखादा तरी समोर बसलेला असतो, आणि टोकनची मुदत संपत आलेली असते.

भाऊ, तुम्हाला वाटतंय की अडचण स्कोअरची आहे. स्कोअर हा ताप आहे, दुखणं दुसरीकडे आहे. तुमचं नाव, पॅन, जन्मतारीख आणि बहुधा आधारची प्रत कोणाच्या तरी हातात आहे आणि तिच्यावर एकदा कर्ज निघालेलं आहे. अठरा हजार भरलेत तर त्या माणसाच्या हातातली प्रत काही परत येत नाही. उलट खात्यापुढचा शेरा 'राइट ऑफ' वरून 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं, असा होईल, आणि होम लोनच्या टेबलावर 'सेटल्ड' सुद्धा डाग म्हणूनच वाचला जातो. मी स्वतः अशा फाइली परत पाठवल्यात, म्हणून सांगतो. शिवाय एकदा पैसे भरले की 'हे कर्ज माझं नव्हतं' या तुमच्या म्हणण्यातली हवा जाते. समोरचा विचारणारच, तुमचं नव्हतं तर भरलंत कशाला?

आता एक अप्रिय गोष्ट. चोरी झाली असं मानण्याआधी खात्री करा, कारण माझ्याकडे 'माझं नाही' म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कर्ज त्यांचंच निघतं. खोटं बोलत नसतात ते. मोबाइलच्या दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून सही केलेली असते, एखाद्या अ‍ॅपवर 'आता घ्या, नंतर भरा' चं बटण दाबलेलं असतं. अ‍ॅपचं नाव एक आणि त्याच्यामागे पैसे देणारी फायनान्स कंपनी दुसरीच, रिपोर्टात नाव येतं त्या कंपनीचं. त्यामुळे आधी कंपनीचं नाव इंटरनेटवर टाकून ती कोणत्या अ‍ॅपमार्फत कर्ज देते ते पाहा, आणि कर्ज उघडल्याच्या महिन्यातलं तुमचं बँक स्टेटमेंट काढा. ₹४६,५०० च्या आसपासची, किंवा प्रोसेसिंग फी कापून थोडी कमी रक्कम तुमच्याच खात्यात आलेली दिसली, तर पुढचं सगळं लिखाण तुमच्यासाठी नाही.

दुसरी शक्यता आपल्या भागात फार आढळते: एक जून. गावाकडच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली जन्मतारीख. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या दोन माणसांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सारखं आणि दोघांचीही जन्मतारीख १ जून, असं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय. जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नसला की एकाचं ट्रॅक्टरचं कर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टात जाऊन बसतं. ती चोरी नाही, सरमिसळ आहे. ती सोडवायला सोपी, कारण खरा कर्जदार अस्तित्वात असतो आणि त्याचा पत्ता, फोटो बँकेकडे असतो. तुमचं कर्ज दोन-तीन वर्षांतलं आहे आणि त्यावर तुमचाच पॅन आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही शक्यता मी बाजूला ठेवतो.

तिसरी शक्यता घरातली. साला, चुलतभाऊ, जुना रूममेट. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुमचा फोन हातात घेऊन ओटीपी वाचू शकेल असा माणूस अनोळखी क्वचित असतो. तसं निघालं तर तक्रार करायची की घरात बसून मिटवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पोलिसांत नाव द्यायचंच नाही असं ठरलं असेल, तर फायनान्स कंपनी तुमचं ऐकेलच याची खात्री मी देऊ शकत नाही.

उरली खरी चोरी. तिच्यासाठी आज संध्याकाळीच चारही रिपोर्ट काढा. लोक 'सिबिल' म्हणतात खरे, पण आपल्या देशात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून या प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट मोफत द्यावा लागतो. म्हणजे वर्षाला चार. वेबसाइट तुम्हाला पैशांच्या मासिक योजनेकडे ढकलत राहील. मोफतची ओळ खाली बारीक अक्षरात असते, ती शोधा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की लोक वर्षानुवर्षं रिपोर्ट उघडत नाहीत, आणि चोराला नेमकं तेच हवं असतं.

रिपोर्ट आल्यावर स्कोअरकडे पाहू नका. शेवटी असलेलं चौकशांचं पान आधी उघडा. कोणत्या बँकेने किंवा कंपनीने, कोणत्या तारखेला, कशासाठी आणि किती रकमेसाठी तुमचा रिपोर्ट मागवला याची ती यादी असते. कर्ज खात्यांच्या यादीत यायच्या आधी चोरी इथे दिसते, कारण कर्ज मंजूर होवो न होवो, चौकशीची नोंद होतेच. एकाच तारखेला तीन-चार अनोळखी कंपन्यांच्या दहा-पंधरा हजारांच्या चौकशा दिसल्या, तर कोणीतरी तुमच्या नावाने दारोदार फिरत होतं असं समजा. तुमच्या ₹४६,५०० च्या आधी आणि नंतर अशा किती चौकशा आहेत त्या मोजा. नंतरच्या असतील तर प्रकरण अजून चालू आहे.

मग संपर्काचं पान. तिथले पत्ते, फोन नंबर, ईमेल एकेक करून वाचा. याचं कारण सांगतो. तुमचा रिपोर्ट कोणी मागवला की पतमाहिती कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. आदेश उत्तम आहे. पण कर्ज काढताना चोराने स्वतःचा नंबर दिलेला असतो आणि तोही तुमच्या रिपोर्टात जाऊन बसतो. मग धोक्याची सूचना कोणाला जाणार? म्हणून परका नंबर आणि परका ईमेल काढून टाकण्याची मागणी तक्रारीत वेगळी लिहा. लोक खातं काढा म्हणतात आणि नंबर विसरतात.

पंचवटीतल्या एका बाई माझ्याकडे आल्या होत्या, शाळेत सेविका. गॅसच्या शेगडीपलीकडे हप्त्यावर काही घेतलेलं नाही, आणि नावावर दोन कर्जं. आम्ही कंपनीला लेखी पत्र देऊन कर्जाची पूर्ण फाइल मागितली. तीन आठवड्यांनी अकरा पानांची पीडीएफ आली. करारावरची सही इंग्रजीत, वळणदार. बाई फक्त मराठीत सही करतात. आधी सगळी अक्षरं मोकळी लिहितात आणि मग वरून एक रेघ ओढतात, ती रेघ दर वेळी कागदाच्या कडेकडे चढत जाते. सेल्फी म्हणून जोडलेला फोटो दुसऱ्याच बाईचा. आणि आधारच्या प्रतीवर, डाव्या कोपऱ्यात, अर्धवट कापलेली निळी अक्षरं: 'सिमकार्डसाठी'. बाईंच्या मुलाने दीड वर्षापूर्वी स्वतः लिहिलेली. त्यांनी ती प्रत कोणत्या दुकानात दिली ते त्यांना लगेच आठवलं. मी प्रत्येकाला झेरॉक्सवर आडवी रेघ मारून काम आणि तारीख लिहायला सांगतो ते याचसाठी. त्याने चोरी थांबेलच असं नाही, पण प्रत कुठून फुटली ते कळतं.

तेव्हा तुमचं पहिलं पत्र फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जाऊ दे, ईमेलने. त्यात कर्ज माझं नाही एवढंच लिहून थांबू नका. चार गोष्टी मागा: कर्जाचा करार, केवायसीची कागदपत्रं फोटोसकट, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला ती नोंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे कोणत्या बँक खात्यात जमा झाले. डिजिटल कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा झाले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२२ पासूनचा नियम आहे. वस्तू घेण्यासाठीचं कर्ज असेल तर पैसे दुकानदाराला जाऊ शकतात. तुमचं पर्सनल लोन आहे. मग तुमच्या नावाचं ते खातं कुठलं, हे कंपनीला सांगावंच लागेल. ते खातं तुमचं नसेल तर एकतर तुमच्या नावाने कुठेतरी बनावट खातं उघडलंय, नाहीतर कंपनीने नियम मोडलाय. दोन्ही बाबतीत तुमची बाजू भक्कम होते. वसुलीवाल्याशी फोनवर वाद घालू नका. "लेखी तक्रार केली आहे, तिचा क्रमांक अमुक" एवढंच बोला आणि ठेवा. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर त्याने फोन करायचा नाही असाही नियम आहे. तो मोडत असेल तर कॉलची यादी जपून ठेवा.

त्याच दिवशी पतमाहिती कंपन्यांच्या साइटवर 'हे खातं माझं नाही' अशी हरकत नोंदवा. चोरीचं कर्ज जिथे जिथे दिसतंय तिथे तिथे, म्हणजे गरज पडली तर चारही ठिकाणी. एक समजून घ्या: सिबिल असो की दुसरी, ती स्वतः काही खोडत नाही. ती तुमची हरकत कर्ज देणाऱ्या कंपनीकडे पाठवते आणि तिकडून हो आलं तरच बदलते. म्हणून कंपनीला आधी पत्र द्यायचं. नाहीतर हरकत पोचते, तिथला मुलगा संगणकात पाहतो, पॅन जुळतोय असं म्हणतो आणि 'माहिती बरोबर आहे' असं उत्तर येतं. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हे उत्तर हातात घेऊनच येतात.

मुदतीचं गणित तुमच्या बाजूने आहे. २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याच्या कलम २१ मध्ये रिपोर्ट मागण्याचा आणि दुरुस्ती मागण्याचा तुमचा हक्क आहे, आणि दुरुस्तीला तीस दिवस दिलेत. त्यातले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्याचे, उरलेले पतमाहिती कंपनीचे. एप्रिल २०२४ पासून तीस दिवस उलटून गेले की तक्रार निकाली निघेपर्यंत रोजचे ₹१०० भरपाई म्हणून तुम्हाला मिळायला हवेत, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याकडून. रक्कम मोठी नाही, पण पत्रात हे वाक्य असलं की फाइल हलते, हा माझा अनुभव. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालांच्या कक्षेत आल्यात. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

पोलिसांचं काय? तक्रार करा, आणि ती लवकर करा. दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही किंवा ओळखीची अशी खूण लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पावती काढा. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः नुकतेच गेलेले पैसे अडवण्यासाठी आहे. तुमचं प्रकरण जुनं असल्याने तिथून फार अपेक्षा ठेवू नका. नाशिकला शहर आणि ग्रामीण पोलीस वेगळे आहेत हे बाहेरून आलेल्यांना माहीत नसतं. तुम्ही सातपूरचे म्हणजे शहर आयुक्तालय. गावाकडचा पत्ता आधारवर असला तरी राहता तिथे जा. पावती कशाला हवी? चोर सापडो न सापडो, फायनान्स कंपनीच्या फाइलीत पोलिसांचा कागद गेला की तिथल्या माणसाला खातं खोडायला आधार मिळतो. बँकेत बसलेल्या माणसाला स्वतःच्या सहीची भीती असते, मी त्या खुर्चीत बसलोय.

आता मामेभावाचा 'फ्रीज'. तो सांगतोय ते त्याच्या देशात खरं आहे. तिकडे २००३ च्या कायद्याने वर्षाला मोफत रिपोर्ट मिळायला लागला आणि सप्टेंबर २०१८ पासून कोणालाही आपली पतमाहिती मोफत गोठवता येते. मग नवा सावकार ती पाहूच शकत नाही आणि कर्ज निघत नाही. आपल्या कायद्यात असं कुलूप नाही. मोफत रिपोर्ट आहे, सूचनेचा एसएमएस आहे, दुरुस्तीचा हक्क आहे, म्हणजे सगळं चोरी झाल्यानंतरचं. माझ्या मते हा कायद्यातला मोठा खड्डा आहे. तोवर स्वतःच राखण करावी लागते. हे प्रकरण मिटल्यावर चार मोफत रिपोर्ट एकदम न काढता वर्षभर वाटून घ्या. मी घरच्यांचे संक्रांतीला, अक्षय्य तृतीयेला, नारळी पौर्णिमेला आणि दिवाळीला काढतो, दर वेळी वेगळ्या कंपनीचा. जानेवारी २०२५ पासून बँकांना पतमाहिती कंपन्यांकडे निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे आता नवं कर्ज रिपोर्टात यायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

कुलूप लावता येतं ते आधारला. बायोमेट्रिक लॉक करा, प्रत द्यायची वेळ आली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा. परकं सिम दिसलं तर तिथूनच कळवता येतं. पॅनला मात्र असं कुलूप नाही.

राखणीतली एक उणीवही सांगतो. पतसंस्थांची कर्जं या रिपोर्टांत बहुधा येत नाहीत. रिपोर्ट स्वच्छ आहे म्हणून मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून केलेली सही नाहीशी होत नाही. ती फाइल त्या पतसंस्थेच्या कपाटात असते आणि नोटीस थेट घरी येते. त्यासाठी तिथे जाऊनच विचारावं लागतं.

'सिबिल क्लिअर करून मिळेल' अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे जाऊ नका. जी दुरुस्ती पतमाहिती कंपनी स्वतः करू शकत नाही ती पाटीवाला काय करणार? तो पाच-दहा हजार घेऊन तुमच्याच नावाने तीच ऑनलाइन हरकत टाकतो, आणि त्यासाठी आधार, पॅन, ओटीपी मागतो. ज्या गोष्टीमुळे इथवर आलात तीच पुन्हा एका अनोळखी माणसाला द्यायची.

राहिला फ्लॅट. हरकत नोंदली की रिपोर्टात त्या खात्यापुढे 'वादग्रस्त' अशी खूण लागते. ती खूण असलेला नवा रिपोर्ट, कंपनीला दिलेलं पत्र आणि पोलीस तक्रारीची पावती घेऊन होम लोनच्या मॅनेजरला प्रत्यक्ष भेटा. तो फाइल पुढे नेईलच असं नाही. ते बँकेच्या धोरणावर आणि तुमच्या बाकीच्या नोंदी किती स्वच्छ आहेत त्यावर ठरतं. पण परत आलेली फाइल आणि थांबवून ठेवलेली फाइल यात फरक असतो, निदान थांबवून ठेवा म्हणा. बिल्डरकडून टोकनची मुदत दीड-दोन महिने वाढवून घ्या, आणि ती लेखी घ्या. तोंडी 'हो हो, काही हरकत नाही' यावर विसंबू नका.

चारही रिपोर्ट आले की चौकशांच्या पानावरच्या तारखा आणि कंपन्यांची नावं इथे लिहा, पुढचं पत्र कसं घालायचं ते सांगतो. पानाचा फोटो टाकणार असाल तर पॅन, जन्मतारीख आणि खाते क्रमांक आधी काळ्या पट्टीने झाका.